बिडाचा मोडका मशीन व्हाइस: तडा कुठे आहे ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या शेपरबरोबर (धातू तासायच्या यंत्राबरोबर) वजनावर मिळालेला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ६ इंची मशीन व्हाइस (मशीनवर जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, धरायचा शिकंजा). स्क्रू गंजून जाम, बेडवर (जबडा सरकतो त्या सपाट भागावर) ड्रिलची भोकंच भोकं, दोन्ही जॉ प्लेट (जबड्यांच्या तोंडावरच्या पट्ट्या) कटरने खाल्लेल्या, टेबलाला बांधायचा एक कान तुटलेला (तुकडा जपून ठेवला आहे) आणि फिक्स जॉच्या (न हलणाऱ्या जबड्याच्या) मुळाशी आतल्या बाजूला एक बारीक रेघ. एक वेल्डर ती रेघ भरून द्यायला तयार आहे, सरफेस ग्राइंडरवाला बेड मारून (दगडाने घासून सपाट करून) द्यायला तयार आहे. करावं का, आणि केलं तर कुठल्या क्रमाने?

करावं, पण वेल्डरला आधी थांबवा. बाकीच्या कामांना घाई झाली तरी निभावतं. त्या रेघेवर एकदा साधी वेल्डिंगची काडी फिरली की पुढचे बरेच रस्ते बंद होतात.

तुम्ही दिलेल्या यादीत भोकं सगळ्यांत जास्त डोळ्यांत भरतात, आणि त्यांचंच महत्त्व सगळ्यांत कमी आहे. कान तुटणं मध्यम. जॉ प्लेट तर बदलायच्याच वस्तू. खरा प्रश्न रेघेचा आहे, आणि त्याच्या खालोखाल अशा दोन गोष्टींचा ज्या तुम्ही लिहिलेल्याच नाहीत, कारण त्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत: बेड किती झिजला आहे, आणि आवळताना मूव्हिंग जॉ (सरकणारा जबडा) किती उचलतो.

रेघ इतकी महत्त्वाची का, ते बिडाच्या स्वभावात आहे. साध्या करड्या बिडात साधारण ३ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. यामुळेच बीड कटरला मऊ लागतं, कंप जिरवतं, घासणीला टिकतं. पण ताण आला की प्रत्येक पापुद्रा म्हणजे आधीच पाडून ठेवलेली खाच ठरतो. आयएस २१० या भारतीय मानकातली एफजी २६० ही चांगली ग्रेड घेतली तरी तिची ताणातली ताकद २६० न्यूटन प्रति चौरस मिमी धरतात. दाबात तेच बीड याच्या तिपटीहून जास्त सोसतं. आता व्हाइस आवळताना काय होतं ते बघा. जॉब फिक्स जॉला मागे ढकलतो. जॉच्या पाठीमागचा भाग दाबात जातो, आणि आतला कोपरा, म्हणजे बेड आणि जॉ जिथे भेटतात तो, ताणात. तुमची रेघ नेमकी तिथे आहे. हीच रेघ पाठीमागे असती तर मी इतका आग्रह धरला नसता.

पण ती तडाच आहे हे आधी ठरवा. ओतकामातली सांध्याची खूण किंवा जुन्या शेपर टूलचा ओरखडाही लांबून तसाच दिसतो. कोपरा रॉकेलने आणि ब्रशने धुऊन काढा. मग कोपऱ्यात रॉकेल भरून तासभर तसंच राहू द्या, आणि कापडाने अगदी कोरडं पुसा. खडूची भुकटी स्पिरिटमध्ये कालवून पातळ लेप द्या. स्पिरिट उडून लेप पांढरा झाला की जॉच्या माथ्यावर लाकडी ठोकळ्याने हलके ठोके द्या आणि थांबा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर एक ओली, करडी रेघ हळूहळू उमटते. ओरखडा असेल तर लेप पांढराच राहतो. रेघ कुठे संपते तिथे पेन्सिलने खूण करा. ती नुसत्या डोळ्यांना दिसते त्याहून बहुतेकदा लांब निघते. दुकानात तांबड्या डायचे आणि पांढऱ्या डेव्हलपरचे स्प्रे मिळतात, ते आणखी स्पष्ट दाखवतात, पण निर्णयाला रॉकेल-खडू पुरतो.

रेघ फक्त जॉच्या मुळाशी असेल आणि खाली बेडच्या अंगात उतरली नसेल, तर हा व्हाइस वाचतो. बेडमध्ये उतरून स्लाइडच्या दिशेने गेली असेल, तर टोकाला भोक पाडून तडा थांबवणं, मग मेटल स्टिचिंग (न तापवता धातूच्या टाक्यांनी तडा शिवणं), हे सगळं शक्य असतं. मात्र ते काम स्टिचिंग करणाऱ्या माणसाचं आहे आणि त्याचा खर्च ६ इंची व्हाइसला क्वचितच परवडतो. तसं असेल तर स्क्रू, नट आणि मूव्हिंग जॉ काढून ठेवा आणि बॉडी ओतकामाला परत जाऊ द्या.

वेल्डिंगला माझा विरोध का, तेही सांगतो. साध्या काडीने वेल्ड केलं की तडाजवळचं बीड वितळून झटकन थंड होतं. ग्राफाइटला वेगळं व्हायला वेळ मिळत नाही, आणि काचेसारखं कडक, ठिसूळ पांढरं बीड तयार होतं. त्यावर ना कानस चालते ना कटर. शिवाय वेल्ड आकसताना शेजारच्या बिडाला ओढतो. बीड लांबत नाही, म्हणून ते फाटतं, आणि मूळ तडेच्या दोन-तीन मिमी बाजूला नवी तडा निघते. निकेलच्या काडीने, एका वेळी इंचभरच टाका घालून, तो गरम असतानाच हातोडीने बारीक ठोकून, आणि जागा हात लावण्याइतकी निवल्यावरच पुढचा टाका घालून चांगलं काम करणारे वेल्डर आहेत. अशा वेल्डरच्या हातून मशीनच्या बॉडीवर टिकलेलं काम मी पाहिलं आहे. पण ताणात काम करणाऱ्या कोपऱ्यात तरीही मी वेल्डवर भरवसा ठेवणार नाही, कारण इथे त्याहून चांगला उपाय हाताशी आहे. तो पुढे सांगतो.

आधी व्हाइस सुटा करायला हवा. जाम स्क्रूवर पाइप घालून जोर लावू नका आणि बॉडीवर लोखंडी घण तर अजिबात नको. ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन समान घेऊन मिसळा, नटाच्या दोन्ही तोंडांना सोडत राहा, चार-पाच दिवस जाऊ द्या. मिश्रण पेट घेतं, तेव्हा ते पूर्ण पुसल्याशिवाय ज्योत जवळ आणू नका. नट गनमेटलचा (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचा) असेल तर उष्णता तुमच्या बाजूने आहे, कारण गनमेटल पोलादापेक्षा जास्त फुगतं. मऊ ज्योतीने नटाच्या सगळ्या बाजूंनी फिरत फिरत तापवा, एका जागी धरू नका, नाहीतर बीड तिथेच तडकेल. थेंब टाकलेलं पाणी चरचरून उडायला लागलं की पुरे. मग मेणबत्ती आट्यांना टेकवा. मेण वितळून फटीत ओढलं जातं. स्क्रू पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे असा हलवत सोडवा. एकाच दिशेने रेटलात तर गंजाची भुकटी आट्यांत पाचरीसारखी बसते.

जॉ प्लेटचे स्क्रू तुटले तर घाबरू नका. तुटलेल्या बुडख्यावर नट ठेवून आतून वेल्ड करा आणि निवू द्या. वेल्ड बिडाला नीट चिकटत नाही, पोलादी बुडख्याला चिकटतो. बुडखा तापून फुगतो, निवताना आकसतो आणि गंजाची पकड सुटते.

गंज काढायला मी इलेक्ट्रोलिसिस सुचवतो, कारण त्यात चांगला धातू झिजत नाही. प्लास्टिकच्या टबात लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर, ऋण टोक व्हाइसला, धन टोक साध्या लोखंडी पत्र्यांना. स्टेनलेस पत्रा वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो म्हणून टब उघड्यावर ठेवा आणि ठिणगी लांब. जुना रंगही यात सुटतो, ते बरंच आहे, कारण जुन्या मशीनच्या रंगात शिसं असू शकतं आणि तो कोरडा घासणं छातीला वाईट. बाहेर काढल्यावर गरम पाण्याने धुऊन लगेच वाळवा आणि तेल लावा. उघडं बीड अर्ध्या तासात तांबूस पडतं.

आता गरम कामं. ती मशीनिंगच्या आधीच उरकायची, कारण तापवल्यावर ओतीव वस्तू थोडीफार वाकतेच. तुकडा जपलात हे चांगलं केलंत. कान पितळी ब्रेझिंगने जोडा. इथे बीड वितळत नाही, पितळ साधारण ९०० अंशांला वाहतं, म्हणून पांढऱ्या बिडाचा धोका नाही, आणि कानावर येणारा ताण ब्रेझिंगला पेलण्यासारखा असतो. दोन्ही कडांना कानशीने उतार द्या. ग्राइंडरचा दगड ग्राफाइट पृष्ठभागावर लिंपतो आणि मग पितळ धरत नाही. तुटीच्या टोकांना थोडी जागा मूळ तशीच ठेवा, म्हणजे तुकडा नेमका जागेवर बसेल. बिडात मुरलेलं तेल ज्योतीने जाळून टाका, पुन्हा घासा. टाकणखार किंवा तयार फ्लक्स लावून आधी दोन्ही कडांवर पितळाचा पातळ थर चढवा, मग सांधा भरा. काम संपलं की सगळी बॉडी कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर ठेवा. पितळाच्या धुरात जस्त असतं, तेव्हा हे काम मोकळ्या हवेत.

फिक्स जॉसाठी माझा सल्ला असा: तडा भरू नका, अख्खा ओतीव फिक्स जॉच मिलिंगवर उतरवून टाका आणि त्या जागी पोलादी ठोकळा बोल्टने बसवा. ऐकायला हा उपाय आडदांड वाटतो. पण यात ताणाचं काम बिडाकडून काढून पोलादाकडे जातं, आणि बिडाकडे फक्त दाबाचं काम उरतं, जे ते उत्तम करतं.

ठोकळा ईएन ८ चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा), रुंदी बेडइतकी, जाडी ४५ ते ५० मिमी. बेडवर ठोकळ्याखाली आडवी खाच काढा, ५ मिमी खोल, आणि तिच्यात चौकोनी की (पोलादी पट्टी) बसवा. ठोकळ्यालाही तशीच खाच. मागे ढकलणारा जोर ही की घेते. बोल्ट एम १२ चे चार, अ‍ॅलन हेडचे, आणि ते खालून वर घाला: डोकं बेडच्या पोटाशी, आटे पोलादी ठोकळ्यात. वरून घालून बिडात आटे पाडले तर किमान १८ ते २४ मिमी खोली लागते, तेवढी जाडी बेडला नसते, आणि बिडातले आटे ताणात काम करतात, म्हणजे पुन्हा तीच चूक. ओतकामाचा खालचा भाग खडबडीत असतो, तेव्हा बोल्टच्या डोक्यांच्या जागा सपाट करून घ्या आणि कडक वॉशर घाला. डोकी बुडापेक्षा आत राहिली पाहिजेत.

जोर पुरेल का, याचा हिशेब सोपा आहे. हाताने नेटाने आवळल्यावर २० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २ टन, धरा, आणि जॉब बेडपासून ३० मिमी वर. उलथवणारा मोमेंट झाला ६०० न्यूटन मीटर. ठोकळा मागच्या कडेवर उलथू पाहतो. पुढचे दोन बोल्ट त्या कडेपासून ३५ मिमी अंतरावर असतील तर दोघांवर मिळून साधारण १७ किलोन्यूटन येतो. एम १२ चा ८.८ ग्रेडचा एकच बोल्ट ४५ किलोन्यूटनच्या पुढे सहज जातो. म्हणून पुढचे दोन बोल्ट जितके आतल्या तोंडाजवळ घेता येतील तितके घ्या. मागचे दोन फक्त जागेवर धरायला आहेत.

जॉ उतरवल्याचा आणखी एक मोठा फायदा मिळतो. ओतीव जॉ असताना त्याच्या कोपऱ्यापर्यंत ग्राइंडरचा दगड पोचत नाही, आणि बेडचा तेवढाच पट्टा उंच राहतो. आता सगळा बेड एका अंगाने मारता येतो.

तो मारण्याआधी बेडमधली भोकं बघा. ज्यांच्या कडा वर आल्या आहेत त्या ऑइल स्टोनने बसवा. मूव्हिंग जॉ जिथून सरकतो त्या पट्ट्यांवरची भोकं तेवढी बुजवा: ड्रिलने गोल करून, रीमर मारून, बिडाच्याच रॉडची गुल्ली वळवून लॉकटाइटने (धातूच्या गोंदाने) बसवायची. पोलादी गुल्ली नको, ती वेगळी झिजते आणि काही वर्षांनी टेकडीसारखी वर राहते. मधल्या भागातली भोकं तशीच ठेवलीत तरी कामात फरक पडत नाही. पॅरलल (जॉबखाली ठेवायच्या समान उंचीच्या पट्ट्या) त्यांच्यावर आरामात बसतात.

ग्राइंडरवाल्याला एक गोष्ट स्पष्ट सांगा. व्हाइसचं बूड वाकडं असेल तर मॅग्नेटिक चक (ग्राइंडरचा चुंबकी पाट) ते ओढून सपाट करतो, वरचा बेड तसा सरळ मारला जातो, आणि चक सोडला की बूड पुन्हा वाकतं. बेडही त्याच्याबरोबर वाकतो. म्हणून आधी व्हाइस सरफेस प्लेटवर (अगदी सपाट दगडी पाटावर) ठेवून चारी कोपऱ्यांत फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घालून बघा. डुगडुगत असेल तर उलटा करून बेडवर तीन टेकूंवर ठेवा, ओढ न बसता हलका बांधा, आणि बूड आधी मारा. मग सुलटा करून त्या बुडावर बेड मारा. दोन्हीकडून ०.१ ते ०.३ मिमी निघेल. ठोकळ्याची की-खाच याच बांधणीत काढता आली तर उत्तम. बुडाला टेबलाच्या खाचेत बसणारी की असेल, तर फिक्स जॉचं तोंड तिच्याशी काटकोनात आहे का समांतर, ते मूळ व्हाइसवरून आधीच मोजून ठेवा.

यानंतर बेडच्या कडांची जाडी मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी मोजा. मूव्हिंग जॉला खालून धरणाऱ्या पट्ट्या या कडांच्या खालच्या बाजूला घासतात, आणि झीज मधे जास्त असते. जाडीत ०.०३ मिमीपेक्षा जास्त फरक राहिला, तर पट्ट्या मधे बरोबर बसवल्यावर जॉ टोकाला अडकेल, आणि टोकाला बरोबर बसवल्यावर मधे सैल होईल. खालच्या बाजूला दगड पोचत नाही, तिथे साइड कटर किंवा हाताने स्क्रॅपिंग (खरवडणं).

मूव्हिंग जॉचं बूड मात्र हातानेच करा. या सगळ्या दुरुस्तीत माझं सर्वांत आवडतं काम हेच. सरफेस प्लेटवर ब्लूचा (खुणेच्या निळ्या रंगाचा) इतका पातळ थर द्या की खालचा दगड दिसत राहील. जॉ टेकवून दोन-तीन इंच फिरवा आणि उचला. पहिल्या वेळी बहुतेक फक्त दोन कोपरे निळे होतात. तेवढेच निळे ठिपके कार्बाइड स्क्रॅपरने खरवडा, ४५ अंशात, आणि प्रत्येक फेरीला दिशा बदला, नाहीतर लाटा पडतात. एका फेरीत काही मायक्रॉनच निघतात. सुरुवातीला वाटतं काहीच होत नाही. मग ठिपके कोपऱ्यांतून आत सरकायला लागतात, मोठ्याचे लहान होतात, आणि सगळीकडे पसरतात. इंचाच्या चौरसात दहा-बारा ठिपके आले की थांबा. शेवटचा हात बेडवरच ब्लू लावून घ्या. स्क्रॅपरच्या खळग्यांत तेल टिकतं आणि जॉ तेलावर सरकतो, नुसत्या घासलेल्या पृष्ठभागासारखा चिकटत नाही.

जॉ उचलण्याचं मूळ कारण रचनेतच आहे. स्क्रू जॉला खालून ढकलतो, जॉब वरून विरोध करतो, म्हणून जॉ पुढून उचलू पाहतो. त्याला अडवतात त्या खालच्या पट्ट्याच. त्या सरफेस ग्राइंडरवर मारून त्यांची फट ०.०२ ते ०.०३ मिमीवर आणा. कर्ट कंपनीच्या अँगलॉक व्हाइसमध्ये तिरक्या पृष्ठभागामुळे आवळताना जॉ खाली ओढला जातो. साध्या व्हाइसमध्ये ती सोय नाही, म्हणून इथे फट हेच सर्वस्व.

स्क्रूचे आटे धारदार झाले असतील तर ईएन ८ चा नवा स्क्रू आणि फॉस्फर ब्राँझचा नवा नट, दोन्ही जोडीनेच करून घ्या. नव्या स्क्रूवर जुना नट घातला तर तो वर्षभरात स्क्रूही खातो.

जॉ प्लेट आधी साध्या माइल्ड स्टीलच्या बसवा, व्हाइस तुमच्या मिलिंगच्या टेबलावर बांधा आणि फिक्स बाजूच्या प्लेटवरून जागेवरच एक हलका कट घ्या. रोजच्या कामाला याच पुरतात. कडक हव्या असतील तर ओएचएनएसच्या (टूल स्टीलच्या), ५५ ते ५८ एचआरसी (कडकपणाचं माप), कडक केल्यावर दोन्ही एकत्र ग्राइंड केलेल्या. त्या बसवण्याआधी ठोकळ्याचं तोंड बेडशी काटकोनात आहे का ते गुण्याने नव्हे, डायल गेजने तपासा. १०० मिमी उंचीला ०.०२ मिमीच्या आत हवं.

शेवटी एक तपासणी. जॉब म्हणून मिल केलेला एक वेगळा ठोकळा दोन पॅरललवर धरा, चारी कोपऱ्यांखाली पातळ कागदाच्या पट्ट्या घाला, डायलचं टोक मूव्हिंग जॉच्या माथ्यावर पुढच्या कडेला टेकवा आणि नेहमीच्या जोराने आवळा. डायल ०.०३ मिमीच्या आत राहिला आणि कागदाच्या चारही पट्ट्या घट्ट असतील, तर व्हाइस कामाला लावा. डायल ०.१ च्या आसपास गेला तर मूव्हिंग जॉच्या खालच्या पट्ट्यांची फट पुन्हा बघा, स्क्रूकडे वळू नका. रंग याच्यानंतर, तेलाला टिकणारा, आणि मशीन केलेल्या जागा सोडून. ठोकळ्याचे खालचे बोल्ट ७० न्यूटन मीटरवर आवळा, आणि पहिले दोन-तीन आठवडे काम झाल्यावर व्हाइस टेबलावरून उतरवून ते पुन्हा एकदा त्याच टॉर्कला तपासा.